मळ काढायचा, रंग ठेवायचा

जावईबापूंना त्यांच्या सासऱ्यांनी एकोणीस वर्षांत एकही काम सांगितलं नव्हतं. जावयाला काम कसं सांगायचं, असा संकोच त्यामागे असता तर तक्रार नव्हती. पण लग्नानंतर चौथ्याच महिन्यात सासऱ्यांनी त्यांना भिंतीवर एक घड्याळ लावायला सांगितलं होतं, आणि त्या एका खिळ्याने भिंतीच्या पोटातली पाण्याची नळी अचूक गाठली होती. आपला जावई पाणीपुरवठा खात्यात आहे, ही गोष्ट सासऱ्यांनी त्यानंतर वर्षभर शेजाऱ्यांपासून लपवून ठेवली. तेव्हापासून घरातला बल्ब बदलायचा असला तरी ते स्वतः स्टुलावर चढत आणि जावईबापूंच्या हातात पेपर देत. निवृत्त हेडमास्तर ते. एकदा नापास झालेल्याला पुन्हा पेपर द्यायचा नाही, या तत्त्वावर त्यांनी सदतीस वर्षं शाळा चालवली होती.

म्हणून एका शनिवारी संध्याकाळी सासऱ्यांनी कपाटातून बिस्किटांचा चौकोनी डबा काढून पुढ्यात ठेवला, तेव्हा उरलीसुरली बिस्किटं संपवायची असतील, असंच जावईबापूंना वाटलं.

"नको आप्पा, आत्ताच खाणं झालंय," ते म्हणाले.

"बिस्किटं नाहीत," आप्पा म्हणाले. "नाणी आहेत. नऊ."

जावईबापू खुर्चीत सरळ झाले. आप्पांच्या चांदीच्या नाण्यांबद्दल घरात सगळ्यांनी ऐकलं होतं. ती पाहिलेली माणसं मात्र थोडी होती, आणि हाताळलेलं माणूस एकच. पण त्या एका माणसाच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता. डोळ्यांवर काळा चष्मा होता आणि वाकायचं नाही, डोळे ताणायचे नाहीत, उग्र वासाच्या जवळ जायचं नाही, असा डॉक्टरांचा हुकूम होता. मुलगा दूरदेशी, मुलीला आपल्या नोकरीतून मान वर करायला सवड नाही. यादीत खाली खाली सरकत आप्पा शेवटच्या नावाशी येऊन थांबले होते.

"नीट ऐका," आप्पा म्हणाले. त्यांनी एक नाणं दोन बोटांनी कडेला धरून दिव्यासमोर तिरकं केलं. जुन्या कुठल्याशा राजाचा मुकुटातला चेहरा होता. चेहऱ्याभोवती मधाचा रंग, त्याच्या बाहेर जांभळा आणि अगदी काठाला रुंद निळी पट्टी. "हा रंग कुणी लावलेला नाही. चांदी वर्षानुवर्षं हवेत राहिली की आपोआप चढतो. हे नाण्याचं वय आहे. घासून लख्ख केलेलं नाणं जाणकार माणूस हातातसुद्धा घेत नाही. पण मी मूर्खासारखी ही प्लास्टिकच्या पाकिटांत ठेवली. त्या प्लास्टिकचा हा हिरवट चिकटा बघा. तो घालवायचा. मळ काढायचा, रंग ठेवायचा. पुढच्या रविवारी आमच्या मंडळाचं प्रदर्शन आहे."

एवढं बोलून त्यांनी एक कागद दिला. त्यावर अकरा सूचना होत्या. तीन सूचनांखाली तांबड्या शाईची एक रेघ होती, आणि 'घासू नये' या सातव्या सूचनेखाली दोन.

घरी येताना बसमध्ये जावईबापूंनी तो डबा मांडीवर दोन्ही हातांनी धरला होता. त्यांना मनापासून आनंद झाला होता, आणि भीतीही तितकीच वाटत होती. हे काम जमलं तर एकोणीस वर्षांचा डाग निघणार होता. नाही जमलं तर उरलेला जन्म त्या घरात पेपर वाचत बसायचं होतं. शेजारी बसलेल्या बायकोने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अहो, आप्पांनी विश्वासाने दिलंय. मी मध्ये एक अक्षर बोलणार नाही." आणि मग घर येईपर्यंत ती बोलत राहिली.

ही गोष्ट कुणालाही सांगायची नाही, असं जावईबापूंनी ठरवलं होतं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्यांनी ती सांगितली. समोर तळमजल्यावरचे गृहस्थ उभे होते. त्यांना सगळी इमारत माहितीखातं म्हणे. त्यांना माहीत नाही असा विषय जगात नसावा, निदान तसा विषय त्यांना स्वतःला तरी कधी भेटला नव्हता. डब्यात काय आहे, असं त्यांनी विचारलंही नव्हतं. पण सासऱ्याने काम सांगितलंय हे एकोणीस वर्षांनी एखाद्या माणसाला सांगता येत असेल, तर तो काय तोंड शिवून बसेल?

"चांदी ना? सोपं आहे," माहितीखातं म्हणालं. "लिंबू आणि मीठ. पाच मिनिटांत आरशासारखं."

"आरसा नकोय. रंग ठेवायचाय."

"मग राख. बारीक चाळलेली."

"घासायचं नाही."

"मग ते काळं फसफसणारं पेय असतं बघा बाटलीतलं, त्यात रात्रभर बुडवून ठेवा. माझ्या साडूने त्यात अख्खा नळ बुडवला होता."

"नळाचं काय झालं?"

"नवीन बसवला," माहितीखातं म्हणालं, आणि लगेच, "पण निघाला स्वच्छ," अशी पुस्ती जोडली.

जावईबापूंनी खिशातला कागद काढून सातवी सूचना खड्या आवाजात वाचून दाखवली. माहितीखात्याने मान डोलावली, पण ती मान्य केल्यासारखी नव्हती. तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचेतो जावईबापूंना आणखी दोन सल्ले मिळाले. त्यांतला एक बटाट्याचा होता.

खरी अडचण दुसऱ्या सूचनेत होती. 'शुद्ध ॲसिटोन घ्यावे. नखांचे रंग पुसण्याचे द्रव्य घेऊ नये, त्यात तेल व सुवास असतो.' औषधांच्या दुकानात गेल्यावर दुकानदाराने नेमकी तीच गुलाबी बाटली पुढे केली. जावईबापूंनी हे नको, शुद्ध हवं, असं म्हटल्यावर दुकानदाराने त्यांच्या नखांकडे निरखून पाहिलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, "साहेब, सगळेच हेच वापरतात." मागे रांगेत तीन माणसं होती. त्या दुकानातून जावईबापू पुढे महिनाभर डोकेदुखीची गोळीसुद्धा घ्यायला गेले नाहीत.

रसायनं विकणारं दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. तिथला विक्रेता म्हणाला, "खासगी माणसाला देत नाही. संस्थेच्या कागदावर पत्र आणा. कशासाठी हवं ते लिहा. खाली सही, शिक्का."

संस्था म्हटल्यावर जावईबापूंना त्यांचं ऑफिस आठवलं. पाणीपुरवठा खात्याच्या मीटर विभागात ते बावीस वर्षं होते, आणि बावीस वर्षांत त्यांनी खात्याकडे स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. एक खुर्ची मागितली होती, पण ती आली नाही, त्यामुळे ते धरायचं कारण नाही. मंगळवारी त्यांनी पत्राचा मसुदा साहेबांपुढे ठेवला. साहेब सज्जन होते. सही करायला ते कधी नाही म्हणत नसत, फक्त करत नसत.

"नाणी?" साहेबांनी पेन खाली ठेवलं. "खात्याच्या कागदावर नाणी? उद्या तपासणी आली आणि विचारलं, कुठली नाणी, कुणाची नाणी, तर मी काय सांगू?"

"माझ्या सासऱ्यांची आहेत, साहेब."

"खात्याला सासरे नसतात," साहेब म्हणाले. मग त्यांना दया आली. "असं करा. 'नाणी' काढा. 'धातूचे गोल तुकडे, नग नऊ' असं लिहा. खोटं काही नाही त्यात."

खोटं नव्हतं. बुधवारी पत्रावर सही झाली, शिक्केवाल्या बाई रजेवर असल्यामुळे शिक्का गुरुवारी बसला. गुरुवारी संध्याकाळी रसायनवाल्याने ते पत्र दोनदा वाचलं आणि चष्म्यावरून विचारलं, "धातूचे गोल तुकडे? म्हणजे नक्की काय बनवताय तुम्ही?"

"काही बनवत नाही. धुतोय."

"पाणीपुरवठावाले आहात. मग पाण्याने धुवा की."

शेवटी जावईबापूंनी ओळखपत्र दाखवलं, त्याची प्रत दिली, घरचा पत्ता दिला, एका वहीत सही केली आणि सासऱ्यांपासून सगळी हकीकत सांगितली. घड्याळसुद्धा सांगितलं. रसायनवाल्यालाही सासरे असावेत, कारण घड्याळाशी तो विरघळला आणि त्याने अर्ध्या लिटरची बाटली कागदात गुंडाळून दिली. डिस्टिल्ड वॉटर मात्र बॅटरीच्या दुकानात एका मिनिटात मिळालं. कोणत्या गाडीसाठी, एवढंच तिथे विचारलं, आणि जावईबापूंनी दमून सांगितलं, "मोठ्या."

शुक्रवारी संध्याकाळी काम सुरू झालं. बायकोने टेबल मोकळं करून दिलं, खिडकी उघडली आणि दाराशी उभी राहिली, एक अक्षर न बोलण्यासाठी. जावईबापूंनी तिच्या पारदर्शक प्लास्टिकच्या सुंदर वाडग्यात ॲसिटोन ओतलं. 'काचेचे भांडे घ्यावे' ही चौथी सूचना होती आणि तिच्याखाली रेघ नव्हती. वाडगा आधी पांढुरका झाला, मग मऊ पडला, मग त्याने एका बाजूने मान टाकली आणि टेबलभर ॲसिटोन सांडलं. त्याबरोबर टेबलाचं पॉलिश निघून आलं.

"नाणी धुताय की घर?" बायकोने विचारलं.

काचेचा वाडगा आला. पहिलं नाणं आत गेलं. दहा मिनिटांनी त्यावरचा हिरवट चिकटा सुटला. जावईबापूंनी नाणं कडेला धरून बाहेर काढलं, डिस्टिल्ड पाण्यातून खंगाळलं आणि जुन्या सुती कापडावर ठेवून वरून नुसतं टिपलं. घासलं नाही. दिव्याखाली धरल्यावर त्या मळक्या चकतीतून मध, जांभळा, निळा असा एकेक रंग वर आला. बायको दारातून आत आली आणि नकळत त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

त्या संध्याकाळी आठ नाणी झाली. आठही जशी हवी तशी. जावईबापू जेवताना स्वतःच्या बोटांकडे कौतुकाने पाहत होते. ही बोटं घड्याळ लावण्यासाठी नव्हतीच, ती नाजूक कामासाठी होती आणि जगाने त्यांना एकोणीस वर्षं चुकीच्या कामावरून जोखलं होतं, अशी त्यांची खात्री पटत चालली होती. माणसाचा घात अशाच वेळी होतो.

नववं नाणं शनिवारी सकाळी झालं. हे सगळ्यांत चांगलं, रुंद निळ्या काठाचं. आप्पांनी दिव्यासमोर धरून दाखवलं होतं ते हेच. चिकटा सगळा गेला, रंग शाबूत राहिला, पण राजाच्या गालावर तिळाएवढा काळा ठिपका उरला. ॲसिटोनमध्ये तीनदा बुडवूनही तो हलेना. अकराव्या सूचनेत स्पष्ट लिहिलं होतं, 'जे निघत नाही ते राहू द्यावे.' पण आठ नाणी जमलेल्या माणसाला अकरावी सूचना इतरांसाठी लिहिलेली वाटते. आप्पा भिंग लावतील, त्यांना हा तीळ दिसेल आणि ते काहीच बोलणार नाहीत, हे चित्र जावईबापूंच्या डोळ्यांपुढे आलं. बायको बाजारात गेली होती. न्हाणीघरात दंतमंजन होतं. चिमूटभर, ओल्या करंगळीच्या टोकावर, फक्त त्या ठिपक्यावर, अगदी हलक्या हाताने.

ठिपका गेला. त्याच्याबरोबर गालाचा रंगही गेला. मधाच्या रंगाच्या चेहऱ्यावर एक पांढरा चटका उठला. मग दोन्ही गाल सारखे दिसावेत म्हणून त्यांनी दुसरा गाल घेतला. मग कपाळ वेगळं दिसू लागलं. मिशी कातरताना जसं एकदा या बाजूचं, एकदा त्या बाजूचं करत शेवटी ओठ उघडा पडतो, तसं झालं. पंधरा मिनिटांनी राजा नुकत्याच पाडलेल्या नाण्यावरच्यासारखा लख्ख होऊन जावईबापूंकडे पाहत होता. निळा काठ कुठे होता हे आता विचारायला नको होतं. जावईबापू न्हाणीघरातल्या स्टुलावर मटकन बसले. त्यांना रडू फुटायचंच बाकी होतं.

दुपारी आप्पा स्वतः नाणी बघायला येणार होते. आत्ता दहा वाजले होते. गरज पडली की शत्रूच्या दारातही जावं लागतं. जावईबापू तीन जिने उतरून माहितीखात्याकडे गेले.

माहितीखात्याने एकही टोमणा मारला नाही. लख्ख नाणं पाहून त्याचे डोळे भरून आले. ते नाण्यासाठी नव्हे, आपल्याला कुणीतरी शेवटी विचारलं म्हणून. "अंडं," माहितीखातं म्हणालं. "कडक उकडलेलं. पिवळा बलक आणि चांदी एका डब्यात बंद करून ठेवायची. आधी मधाचा रंग येतो, मग जांभळा, मग निळा. निळा दिसला की क्षणभर थांबायचं नाही, बाहेर काढायचं. थांबलात तर काळं."

आश्चर्य म्हणजे हे खरं निघालं. माहितीखातं आयुष्यात एकदा बरोबर होतं आणि त्याचा फायदा झाला नाही, ही या गोष्टीतली खरी शोकांतिका आहे. अंडी मात्र त्याने आपल्या देखरेखीखाली उकळायला लावली आणि "जितकी जास्त तितकी गुणकारी" म्हणून तासभर उकळू दिली. पातेल्यातलं पाणी आटलं, अंडी फुटली, तळाला लागली. चार करपलेली अंडी चिरून, पत्र्याच्या डब्यात नाण्याभोवती मांडून, झाकण लावून तो डबा स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. ती खिडकी इमारतीच्या मधल्या चौकोनी पोकळीत उघडते, आणि त्या पोकळीत सगळ्यांच्याच न्हाणीघरांच्या खिडक्या आहेत.

बारा वाजता झाकण उघडून पाहिलं तेव्हा नाणं मधाच्या रंगाचं झालं होतं. साडेबाराला काठाला जांभळी झाक आली. जावईबापूंना देव भेटल्यासारखं झालं. आणखी वीस मिनिटं, फार तर पंचवीस.

पावणेएक वाजता दार वाजलं. बाहेर गॅस कंपनीचे दोन तंत्रज्ञ उभे होते. एकाच्या हातात काटा असलेलं यंत्र होतं. चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी गॅस गळतीची तक्रार केली होती. त्यांच्या न्हाणीघरात, त्यांच्या शब्दांत, 'जीव नकोसा करणारा' वास येत होता. तंत्रज्ञाने यंत्र जावईबापूंच्या स्वयंपाकघरात धरलं मात्र, ते किंचाळायला लागलं. त्याने ओट्यावरच्या उघड्या बाटलीकडे पाहिलंच नाही. शुक्रवारी ॲसिटोनच्या बाटलीचं झाकण वाडगा कलंडला त्या गडबडीत हरवलं होतं, त्यामुळे ती तशीच ठेवलेली होती.

"सगळे खाली चला," तंत्रज्ञ म्हणाला. "आत्ताच्या आत्ता. मेन बंद. लाइट लावायचा नाही, काही उचलायचं नाही."

पाच मिनिटांत अख्खी इमारत अंगणात उभी होती. काकू घरच्या कपड्यांत होत्या, एका बिऱ्हाडाच्या हातात शिजत आलेलं कुकरचं भांडं होतं. माहितीखातं सगळ्यांना गळतीची तीन कारणं समजावून सांगत होतं. जावईबापू घड्याळ बघत होते. एक वाजला. एक वाजून पाच मिनिटं.

"मला एक मिनिट वर जाऊ द्या," ते तंत्रज्ञाला म्हणाले. "तिथं एक गोष्ट तयार होत आलीय."

"तयार? म्हणजे शेगडी चालू आहे?" तंत्रज्ञ ओरडला.

"शेगडी नाही हो. ते आपोआप होतंय. निळं झालं की काढायचंय."

"निळं?" तंत्रज्ञाने मागे वळून जोडीदाराला हाक मारली. "अरे, वर ज्योत आहे म्हणतायत! मागे व्हा सगळे, मागे व्हा!" लोक फाटकाबाहेर गेले. कुणीतरी अग्निशामक दलाला फोन केला. जावईबापू ज्योत नाही, ज्योत नाही म्हणत राहिले, पण घाबरलेल्या माणसाच्या 'नाही'वर कुणाचा विश्वास बसतो? तेवढ्यात बाजारातून परतलेली बायको त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली. तिने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या करंगळीच्या नखात अडकलेल्या गुलाबी मंजनाकडे पाहिलं. तिला कळलं होतं.

दीड वाजता फाटकाशी एक गाडी थांबली आणि काळा चष्मा लावलेले आप्पा काठी टेकत उतरले.

नेमका त्याच वेळी तंत्रज्ञ जिन्यावरून खाली आला. त्याच्या एका हातात ॲसिटोनची बाटली होती, दुसऱ्या हातात नाकापासून लांब धरलेला पत्र्याचा डबा. "गळतीबिळती काही नाही. बंबवाल्यांना येऊ नका म्हणावं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "हे कुणाचं?" आणि त्याने झाकण उघडलं.

पुढे उभ्या असलेल्या सगळ्यांनी एक पाऊल मागे घेतलं. फक्त आप्पा पुढे झाले. उग्र वासाच्या जवळ जायचं नाही हा डॉक्टरांचा हुकूम त्यांनी बाजूला ठेवला, करपलेल्या अंड्यांतून दोन बोटांनी कडेला धरून नाणं उचललं आणि उन्हात तिरकं केलं. नाणं तव्याच्या बुडासारखं काळं होतं.

"कितवं?" आप्पांनी विचारलं.

"नववं."

"निळ्या काठाचं?"

"हो."

"हे कुणी केलं?"

फाटकाशी पन्नास माणसं होती. जावईबापूंच्या डावीकडे माहितीखातं होतं, आणि आता त्याचा चेहरा पडला होता. उजवीकडे गॅसवाले होते, त्यांनी वर जाऊ दिलं असतं तर नाणं निळं राहिलं असतं. दोष द्यायला माणसांची वाण नव्हती. जावईबापू एक पाऊल पुढे झाले.

"मी," ते म्हणाले. "आठ नीट झाली. यावर ठिपका राहिला होता. मी दंतमंजनाने घासला. अकरावी सूचना वाचली होती, तरी घासला. मग रंग गेला, म्हणून अंड्यात ठेवलं. तुम्हाला कळू नये म्हणून ठेवलं, आप्पा."

आप्पांनी नाणं रुमालात गुंडाळून खिशात टाकलं. काळ्या चष्म्यामागे डोळे काय करतायत ते दिसत नव्हतं.

"उद्या नऊ वाजता सभागृहावर या," ते म्हणाले. "इस्त्रीचा शर्ट घाला." मुलीने वरून आणून दिलेला आठ नाण्यांचा डबा त्यांनी घेतला, आणि वर येऊन चहासुद्धा न घेता ते गेले.

त्या रात्री जावईबापू जेवले नाहीत. बायकोने दोनदा आग्रह केला, मग तिनेही ताट झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी नऊला पाच मिनिटं कमी असताना ते वाचनालयाच्या सभागृहात पोचले तेव्हा आप्पांचं टेबल मांडून झालं होतं. हिरव्या मखमलीवर दोन रांगांत आठ नाणी होती, रंगीत, देखणी. त्यांच्यापासून जरा दूर, एकटं, नववं काळं नाणं होतं. त्याच्यापुढे आप्पांच्या वळणदार अक्षरात एक पुठ्ठा उभा होता.

'हे नाणे प्रथम दंतमंजनाने घासले. नंतर अंड्यात ठेवले. असे करू नये. अधिक माहितीसाठी शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांना विचारावे.'

"गृहस्थ तुम्ही," आप्पा म्हणाले आणि पलीकडच्या खुर्चीत जाऊन बसले.

घड्याळाच्या वेळी निदान घरातच पाणी झालं होतं. इथे सगळं गाव येणार होतं. जावईबापूंचे कान तापले, इस्त्रीच्या शर्टाला घाम फुटला. पहिला तास लोक पुठ्ठा वाचत, त्यांच्याकडे बघत आणि हसू दाबत पुढे जात. शाळेतल्या मुलींच्या एका घोळक्याने तर अंडी किती मिनिटं उकडली ते वहीत लिहून घेतलं. जावईबापू उत्तरं देत राहिले. पळून जावं असं त्यांना किमान चार वेळा वाटलं, पण प्रत्येक वेळी समोर पुढचा माणूस येऊन उभा असे.

अकराच्या सुमाराला मंडळाचे चिटणीस आले. गळ्यात भिंग, चेहऱ्यावर करडेपणा. त्यांनी पुठ्ठा वाचला, इकडेतिकडे पाहिलं आणि जावईबापूंच्या कानाजवळ तोंड आणलं. "मी खाण्याचा सोडा वापरला होता," ते कुजबुजले. "पंच्याऐंशी नग. नवीन होतो तेव्हा. कुणाला बोलू नका." आणि खोकत निघून गेले.

त्यानंतर रांगच लागली. एका डॉक्टरांनी इंजेक्शनच्या सुईने ठिपका उकरला होता. एका वृद्ध बाईंनी नवऱ्याचा सगळा संग्रह प्रेमाने भांड्यांच्या साबणाने धुतला होता, आणि तो बिचारा बघून "छान" म्हणाला होता, हे सांगताना त्यांचा आवाज कापला. ज्यांच्या नाण्यांपुढे लोक श्वास रोखून उभे राहत, ती माणसं एकेक करून या टेबलाशी येत होती, अपराध सांगत होती आणि हलकी होऊन जात होती. जावईबापू मान हलवत होते. त्यांचे कान केव्हा निवले ते त्यांना कळलंही नाही.

पाच वाजता सभागृह रिकामं झालं. टेबलांवरची कापडं निघू लागली. आप्पा खुर्चीतून उठले, काठी टेकत आले आणि बाकीच्यांसारखेच इकडेतिकडे बघून जावईबापूंच्या अगदी जवळ उभे राहिले.

"दुसऱ्या रांगेतलं तिसरं," ते हलक्या आवाजात म्हणाले.

जावईबापूंनी पाहिलं. आठांतलं ते सर्वांत सुंदर होतं. शुक्रवारी धुताना त्यावर नजर खिळून राहिली होती तेच.

"मी चौतीस वर्षांचा होतो. विटेची भुकटी," आप्पा म्हणाले. "वडिलांचं होतं ते. पार पांढरं केलं. वडील जाईपर्यंत मी त्यांना ते दाखवलं नाही. विचारलं की, हरवलं म्हणायचो. तुमच्या सासूबाईंनाही माहीत नाही."

"पण आता तर त्यावर..."

"चव्वेचाळीस वर्षं झाली. कागदात गुंडाळून ठेवून दिलं, प्लास्टिक अलीकडचं. काही केलं नाही. आपोआप आलं." आप्पांनी काळा चष्मा काढला. ऑपरेशन झालेला डोळा लाल होता आणि त्यातून पाणी येत होतं, औषधाचं असेल किंवा नसेल. त्यांनी नववं नाणं कडेला धरून उचललं, एका स्वच्छ कागदात घडी घालून गुंडाळलं आणि जावईबापूंच्या तळहातावर ठेवलं.

"याला काही करायचं नाही. धुवायचं नाही, उघडून बघायचं नाही. नुसतं सांभाळायचं. चाळीस वर्षांचं काम आहे. मी काही तपासायला नसेन," ते म्हणाले. "कराल?"

जावईबापूंनी मूठ मिटली आणि होकाराची मान हलवली.